शोकेसमधला कोंबडा

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाने नारळ विकत आणावा, तोही अठ्ठेचाळीस रुपयांना, ही गोष्ट पूर्वी कुणी चारचौघांत बोलून दाखवली नसती. मी तो पिशवीच्या तळाशी घालून वर मेथीची जुडी पसरून घरी आणला. परटवण्यात आमच्या परसात दोन माड आहेत, पण एकावर वानरांची वहिवाट सिद्ध झालेली आहे आणि दुसऱ्यावर चढणारा माणूस एका माडाचे दीडशे रुपये मागतो, शिवाय चहा. भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षं मोजणीदार होतो. अर्ध्या गुंठ्यावरून तीन पिढ्या बोलत नसलेल्या भावकीच्या हद्दी मी कायम करून दिल्या आहेत. पण स्वतःच्या पेन्शनची हद्द महिन्याच्या बाविसाव्या तारखेपुढे सरकवणं मला कधी जमलं नाही.

त्यातून ओट्याचं प्रकरण. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा माझ्या आईच्या मापाने बांधलेला आहे आणि आई होती चार फूट आठ इंच. मालन लग्न होऊन आली ती त्या ओट्यापुढे वाकली, ती अजून वाकलेलीच आहे. संध्याकाळी सातनंतर तिच्या कंबरेला ठणका लागतो. ओटा उंच करायचा, वर ग्रॅनाइट टाकायचा, म्हणून आम्ही दोन लाख रुपये बाजूला ठेवले होते. ते बाजूलाच राहिले असते तर ही कथा लिहायची वेळ आली नसती.

पण समोर आप्पा राहतो. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात शिरला. सकाळी सव्वानऊला तो अंघोळ करून, गंध लावून लॅपटॉपसमोर बसतो, आणि त्या वेळी त्याच्या घरात मिक्सर लावायची कुणाची छाती नाही. कुठली कंपनी घ्यायची याचा अभ्यास तो स्वतः करतो, पण शेवटचा निर्णय ग्रामदेवीवर सोपवतो. एका सिमेंट कंपनीसाठी त्याने देवळात जाऊन रीतसर कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीने उजवं फूल दिलं, म्हणजे होकार. आप्पा माझ्याकडे धावत आला. "वसंतराव, बँकेत पैसे ठेवणं म्हणजे पैसे कुजवणं हो! देवीने स्वतः सांगितलंय!" आता देवीच्या शब्दाबाहेर मी कोण जाणार? दोन लाख घातले. चार महिन्यांत त्यांचे एक लाख अठरा हजार झाले. आप्पा म्हणाला, देवीने घ्यायला सांगितलं होतं, विकायचं कधी ते आपण विचारलंच नाही.

मालनला मी यातलं काही सांगितलं नाही. ती विचारायची, "अहो, ओट्याचं काय झालं?" आणि मी सांगायचो, गवंडी मिळत नाही. रत्नागिरीत हे कारण कुणालाही पटतं. मालनलाही पटलं. ती कंबरेवर हात ठेवून पुन्हा वाकली, आणि मला ते बघवेना, म्हणून मी बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसलो. पेपरातसुद्धा बाजार पडल्याचीच बातमी होती.

अशा दिवसांत आप्पाचा पुतण्या ऋत्विक मुंबईहून दिवाळीच्या आधी आला. संगणकातलं काहीतरी करतो. काकूने पाठवलेला चिवड्याचा डबा घेऊन तो आमच्याकडे आला, सोफ्यावर बसला, आणि बोलता बोलता एकदम उठून उभा राहिला. त्याची नजर आमच्या शोकेसवर खिळली होती. शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहाल आहे, माझ्या सेवानिवृत्तीचं घड्याळ आहे, आणि त्या दोघांच्या मधे टीव्हीला जोडून खेळायच्या एका गेमचा रंगीत खोका आहे. त्यावर डोक्याला शिरस्त्राण आणि पंखात तलवार असलेला एक कोंबडा उडी मारतो आहे.

"काका," ऋत्विक हळूच म्हणाला, "हा गेम सीलबंद आहे?"

"म्हणजे काय! हातही लावलेला नाही कुणी," मी म्हणालो.

हा खोका माझा मित्र मजीद याने शहाण्णव साली शारजाहून आणला होता. मजीद राजिवड्याचा, आम्ही पाचवीपासून एका बाकावर. आमचा स्वरूप तेव्हा नऊ वर्षांचा होता, त्याच्यासाठी ती भेट. आता, परदेशातून आलेली वस्तू आमच्या घरात कधीच वापरायला काढली जात नाही, हे काही मी वेगळं सांगायला नको. तुमच्याकडेही एखादा साबण असेलच. मी स्वरूपला म्हटलं, चौथीची स्कॉलरशिप होऊ दे, मग उघडू. मग सातवीची स्कॉलरशिप आली. मग दहावी, मग बारावी, आणि मग तो इंजिनिअरिंगला सांगलीला गेला. खोका शोकेसमध्ये राहिला. कोंबडा एकोणतीस वर्षं उडी मारतच होता.

ऋत्विकने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि फोन माझ्यासमोर धरला. तोच कोंबडा, तसाच खोका, आणि खाली आकडा. मी चष्मा पुसला. मोजणीदाराची सवय, मी शून्यं डावीकडून मोजली, मग उजवीकडून मोजली. सव्वाचार लाख रुपये. मालन पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"खेळण्याला?" ती म्हणाली.

"कुणी न खेळलेल्या खेळण्याला, काकू," ऋत्विक म्हणाला. "खेळलेला असता तर अठराशे."

सिमेंटची कंपनी, तिच्या भट्ट्या, तिचे हजारो कामगार, तिला देवीचा पाठिंबा, ती बसली खाली. आणि हा प्लॅस्टिकचा कोंबडा काही न करता, नुसता काचेमागे उभा राहून सव्वाचार लाखाला पोचला. त्या दिवशी मी शोकेससमोरून जाताना नकळत चप्पल काढली.

बातमी आळीत पसरायला संध्याकाळ लागली नाही. लोक दर्शनाला येऊ लागले आणि प्रत्येकजण सल्ला ठेवून गेला. कुणी म्हणालं, दमट हवा आहे, तांदळाच्या कोठीत पुरून ठेवा. कुणी म्हणालं, डांबरगोळ्या घाला. बँकेत लॉकर विचारायला गेलो तर यादीत माझ्यापुढे एकशे चाळीस माणसं होती, त्यांतली काही, असं तिथला शिपाईच म्हणाला, आता हयात नसावीत. पलीकडच्या यमुनाबाई रोज सकाळी येऊन लांबूनच हात जोडायच्या. हॉलमध्ये फोडणीचा वास जाऊ नये म्हणून मालनने आठ दिवस मासे परसातल्या चुलीवर केले. म्हणजे ओट्यापुढे वाकायची ती आता जमिनीवर बसून वाकू लागली.

आप्पाने खोक्यालाही शेअरच केलं. "विकू नका हो! होल्ड करा!" पण मला ओटा दिसत होता. ऋत्विकच्या ओळखीने पुण्याचे एक संग्राहक गृहस्थ पाडव्याला येऊन, खोका पाहून, जागेवर पैसे द्यायला तयार झाले. अट एकच, खोका कधीही उघडलेला नाही असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं.

शंभराचा स्टॅम्प पेपर आता पाचशेचा झालाय, हे कोर्टात गेल्यावर कळलं. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखिका कमळाबाईंकडे प्रतिज्ञापत्राचे अकरा नमुने होते. नावात बदल, गुणपत्रिका हरवणे, शिक्षणात खंड, सगळं होतं; खोका न उघडण्याचा नमुना नव्हता. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"अविवाहित असल्याचा आहे, त्यातच बसवते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच बसवलं. त्यामुळे मी सत्यप्रतिज्ञेवर असं लिहून दिलं की सदर खोका जन्मापासून आजतागायत माझ्याच घरी राहत असून त्याचा कोणाशीही, कोणत्याही प्रकारे संबंध आलेला नाही. नोटरी वकिलांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि साक्षीदार मागितला.

साक्षीदार म्हणून मजीद आला. आता निवृत्त होऊन गावीच असतो. किंमत ऐकून तो कोर्टाच्या पायरीवर बसला. "वसंता, मी ता नव्वद दिरहमला घेतलेला. तवा वाटला, जास्तीच दिलं." मग म्हणाला, "पन तू खरंच उघडलंस नाय? तुला सांगितला होता ना मी, मशीन माझ्या यासीनसाठी आणलाय नि खेळाची पट्टी स्वरूपसाठी. एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरा. म्हंजे दोघं पोरं एकत्र खेळतील."

मला आठवेना. सांगितलं असेल त्याने. मी त्या वेळी कोंबड्यासाठी शोकेसमध्ये जागा करत असणार. म्हणजे एकोणतीस वर्षं मी जे जपलं ते एकट्याने चालणारच नव्हतं. पण शिक्का बसला होता, सही वाळली होती, आणि पाचशेचा पेपर वाया घालवण्याची आमच्या घराण्याची पद्धत नाही.

मजीदने घरी जाऊन ही हकीकत बायकोला, इशरतभाभीला, सांगितली. ती ऐकून भाभीच्या हातातून सुपलीच पडली म्हणे. तिने मजीदला काही सांगितलं नाही. तिने थेट पुण्याला स्वरूपला फोन केला. हे मला मागाहून कळलं. मला एवढंच दिसलं की जो स्वरूप सुट्टी नाही म्हणून येणार नव्हता, तो लक्ष्मीपूजनाच्या सकाळी एकटाच दारात उभा होता. फराळाचं ताट त्याने तसंच ठेवलं. दिवसभर तो शोकेसपाशी जायचा आणि परत यायचा. मला वाटलं, विकायचं म्हणून पोराला वाईट वाटतंय.

संध्याकाळी पाटावर लक्ष्मीची तसबीर, चांदीचे तीन शिक्के, आणि मधोमध कोंबडा. ऋत्विक जातीने हजर होता, कारण खोक्याला कुंकू लागलं तर भाव निम्मा होईल अशी त्याला धास्ती. शेवटी असं ठरलं की कुंकू पाटाला लावायचं आणि ते कोंबड्याला पोचलं असं मनात समजायचं. आप्पा लॅपटॉप घेऊन आला होता. त्याचा मुहूर्ताचा सौदा आधीच बुडाला होता, लॅपटॉपवरही त्याला थोडं तीर्थ शिंपडून हवं होतं. मी अक्षता उचलल्या आणि स्वरूप म्हणाला, "बाबा, त्याला नका."

"का?"

"आत दगड आहे."

मग सगळं बाहेर आलं. खोका आणला त्याच्या आठव्या दिवशी, मी संगमेश्वरकडे मोजणीला गेलो असताना, नऊ वर्षांच्या स्वरूपने खालच्या बाजूने प्लॅस्टिक चिरून पट्टी काढून घेतली होती. वजन कळू नये म्हणून अंगणातला जांभ्याचा तुकडा कानशीने घासून, यासीनच्या घरच्या, सोडे म्हणजे सुकी कोळंबी तोलायच्या काट्यावर पट्टीच्या बरोबरीला आणून, कापसात गुंडाळून आत बसवला. प्लॅस्टिक कसं जोडायचं ते मात्र पोरांना येईना. तेव्हा इशरतभाभीने, सोड्यांच्या पिशव्या ती जशी करवतीचं पातं आणि मेणबत्ती घेऊन बंद करते, तसा तोही बंद करून दिला. पुढची चार वर्षं, "यासीनकडे गणिताला जातो" म्हणून जो मुलगा रोज राजिवड्याला जायचा, तो कोंबड्याला उड्या मारायला लावत होता.

अर्धा गुंठा सरकलेला बांध मी नुसत्या नजरेने ओळखायचो. आणि माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, पोराने एवढं अतिक्रमण केलं आणि मला एकोणतीस वर्षं पत्ता नाही! राग यायला हवा होता. पण मला पहिल्यांदा आला तो अचंबा. कानशीने! नऊ वर्षांचा पोर!

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं.

"सांगणार होतो. पण घरी कुणी आलं की तुम्ही त्यांना शोकेसपाशी न्यायचात. म्हणायचात, आमच्या स्वरूपने हात लावला नाही हो. तेव्हा तुमचा चेहरा असा काही व्हायचा की मला सांगवेना."

मी हातातल्या अक्षता ताटात परत ठेवल्या. यमुनाबाईंना तेवढं मालनने हळूच सांगितलं की उद्यापासून हात जोडायला येऊ नका. त्या म्हणाल्या, दगडाला जोडायचे नाहीत तर मग कशाला जोडायचे?

आप्पाचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. तो मला पडवीत घेऊन गेला. "वसंतराव, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही तर सव्वाचार लाखाची आहे. तो माणूस घेऊन कपाटात ठेवणार. तो तरी कशाला उघडतोय? सगळी मजा न उघडण्यातच आहे हो!" त्याचं म्हणणं बिनतोड होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी त्या रात्री फार वेळ त्यावर विचार केला, आणि आतून मालनच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता.

पाडव्याला दहा वाजता पुण्याचे गृहस्थ आले. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, भिंग काढलं, विजेरी काढली, छोटा काटा काढला. इशरतभाभी आणि मजीदही आले होते. भाभी दारापाशी पदर तोंडाशी धरून उभी होती. गृहस्थांनी खोका तोलला आणि मान डोलावली. मग खालची कड भिंगाखाली धरून ती कितीतरी वेळ पाहिली.

"अप्रतिम," ते म्हणाले. "कारखान्याचं मूळ सील. इतकी सरळ रेघ मी फार कमी पाहिली आहे."

दारातून भाभीचा एक चमत्कारिक आवाज आला. गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मोबाइल काढला. "शिवलकरसाहेब, पाठवू? हे बटण दाबलं की तुमच्या खात्यात."

स्वरूप खाली बघत होता. आप्पा माझ्याकडे बघून डोळ्यांनी हो म्हणत होता. आतून मालन लाडवांची बशी घेऊन आली; ओट्यापासून निघताना ती एका हाताने कंबर सरळ करते, तशी ती सरळ करत आली. ओटा माझ्यापासून एका बोटावर होता.

"थांबा," मी म्हणालो. "हा खोका उघडलेला आहे. माझ्या मुलाने उघडलाय. आठ दिवसांत! आत जांभा आहे, तोही त्याने कानशीने घासून बरोबर वजनाचा केलाय. आणि सील या आमच्या भाभींनी मेणबत्तीवर केलंय. चार वर्षं खेळला तो, रोज!"

मला वाटलं होतं, हे सांगताना मान खाली जाईल. पण माझा आवाज चढत गेला. स्वरूप माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला पुढचं बोलवेना.

गृहस्थ भले निघाले. प्रतिज्ञापत्र परत देऊन म्हणाले, फाडून टाका, नाहीतर अडचणीत याल. मग त्यांनी ती कड पुन्हा भिंगाखाली धरली आणि भाभीला विचारलं, असं काम अजून करून द्याल का? भाभी म्हणाली, "आता नाय जमायचा हो, आता सोड्यांचा हंगाम हाय." त्यांनी दोन लाडू खाल्ले, एक बांधून घेतला आणि गेले.

सगळे पांगल्यावर मी मालनला ओट्याच्या पैशांचं सांगितलं. एकदा खरं बोलायला तोंड उघडलं की मधेच मिटता येत नाही. सिमेंट, देवी, एक लाख अठरा हजार, सगळं.

"म्हणजे गवंडी मिळत होता," ती म्हणाली.

"मिळत होता."

त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही आणि आप्पाचा चहा कायमचा बंद झाला. तिसऱ्या दिवशी मी शेअर विकले. चौथ्या दिवशी ते वर गेले. आप्पाने ते मला रस्त्यापलीकडून ओरडून कळवलं. स्वरूप पैसे देतो म्हणाला, पण त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मालनने ऐकलं नाही. गवंडी आला आणि त्याने दर सांगितले. सिमेंट महागलं होतं, अर्थातच. एक लाख अठरा हजारांत अर्धाच ओटा होत होता, ग्रॅनाइट तर सोडाच. तेव्हा गॅसच्या बाजूचा ओटा उंच झालाय आणि मोरीच्या बाजूचा आईच्या मापाचा तसाच आहे. मधे एक पायरी आहे, तिच्यावर रोज काहीतरी सांडतं.

पहिल्या दिवशी पोळ्या करायला ती त्या नव्या भागापुढे उभी राहिली. मी चहाचा कप ठेवायला आत गेलो आणि दारातच थांबलो. ती ताठ उभी होती. तिचा अंबाडा वरच्या फळीला लागत होता, आणि डब्यांच्या ओळीपलीकडच्या खिडकीतून तिला बाहेरचा माड दिसत होता. मालन एवढी उंच आहे, हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं.